सूट देण्याआधी आकडेमोड

संपादक महोदय,

गिऱ्हाईक असूनही घरचा धंदा खंगत असेल, तर आधी सवलतीचा हिशेब तपासावा. शंभराला घेतलेला माल सव्वाशेला विकला की ‘25 टक्के सुटले’ म्हणतात. ते खरेदीवर, विक्रीवर 20 टक्केच. त्या सव्वाशेवर 10 टक्के सूट दिली की साडेबारा रुपये गेले, म्हणजे निम्मा नफा. तेवढेच कमवायला दुप्पट माल खपवावा लागतो, आणि भाडे, वीज त्यातूनच भागवायची असते.

उधारीचेही तेच. पुरवठादाराला 30 दिवसांत द्यायचे आणि गिऱ्हाईक 60 दिवसांनी देणार, तर मधला महिना पदरचे भांडवल अडकते. विक्री वाढली की अडकलेली रक्कमही वाढते. वही नफा दाखवते अन् गल्ला रिकामा! बिलावर देय तारीख लिहावी, थकबाकी दर आठवड्याला 30, 60, 90 दिवसांच्या रकान्यांत काढावी.

खरे अवघड दुखणे घरातलेच: गल्ल्यातून परस्पर घरखर्च. धंद्याचे खाते वेगळे ठेवून काम करणाऱ्या प्रत्येक घरच्याला ठरावीक पगार लावावा. तो वजा जाता उरेल तोच नफा. (इथे बऱ्याच ‘फायद्यातल्या’ धंद्यांचे सोंग उतरते.)

– एक हिशेबनीस