शिकारीच्या खोलीत माग काढणाऱ्याचं नाव कुठंय?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत घर सजावटीच्या पानावर ट्रॉफी रूमवरचा, म्हणजे शिकारीतली मुंडकी-शिंगं भिंतीवर लावतात त्या खोलीवरचा लेख वाचला. फोटो भारी होते. पण वाचून झाल्यावर मी तसाच बसून राहिलो, चहा पार गार झाला, कारण मी स्वतः पाच सीझन टांझानियात शिकारीच्या कॅम्पवर काढलेत, शिकारी म्हणून नाही हां, गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक म्हणून, आणि तुमच्या लेखात भिंतीचा रंग आहे, लाइटिंग आहे, लेदरचा सोफा आहे, आफ्रिकेच्या आठवणी म्हणून चार ओळी आहेत, फक्त माणसं नाहीत. म्हणून लिहितोय. जरा लांबेल, कुठे कापायचं ते तुम्ही बघा.

मी मूळचा अमळनेरचा, इथेच जिनिंगमध्ये फिटर होतो. १९८३ ला ओळखीतून उत्तर टांझानियात म्वांझाकडच्या एका जिनिंगमध्ये नोकरी लागली, तो पट्टा आपल्या खानदेशासारखाच कापसाचा, त्यामुळे मशीन ऐकूनच कळायचं काय बिघडलंय. दोन वर्षांनी पगाराची बोंब सुरू झाली. तिथल्या एका गुजराती दुकानदाराने सांगितलं की दक्षिणेला सेलूच्या जंगलात शिकारीचे कॅम्प लागतात, डिझेल गाड्या समजणारा माणूस पाहिजे, जातोस का. सेलू म्हणजे परभणीचं नव्हे. हे राखीव जंगल तेव्हा जवळजवळ ५० हजार चौरस किलोमीटरचं, आपला जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्याच्या निम्म्यात बसतील. (२०१९ मध्ये त्याचा मोठा भाग तोडून न्येरेरे नॅशनल पार्क केलं, तिथे आता शिकार नाही.)

तिकडे कारागिराला फुंडी म्हणतात. मी फुंडी कसा झालो तेही सांगतो. जंगलात मध्येमध्ये सपाट पाणथळ पट्टे असतात, त्यांना म्बुगा म्हणतात, आणि तिथली माती आपलीच हो, काळी कापसाची माती, इंग्रज लोक तिकडेही तिला ब्लॅक कॉटन सॉईलच म्हणायचे. पहिला पाऊस पडला आणि लँड क्रूझर अॅक्सलपर्यंत बसली. बाकीचे जोर लावून ढकलताय, चाक अजून खाली जातंय. मी म्हटलं थांबा रे बाबांनो, आमच्या शेतात बैलगाडी अशी रोज फसते. चाकामागची माती फावड्याने काढली, फांद्या तोडून आडव्या टाकल्या, टायरमधली अर्धी हवा सोडली, आली बाहेर. त्या दिवसापासून माझं नाव गेलं, फुंडीच राहिलं. गाडीला तिकडे गारी म्हणतात, दुकानाला डुका, चहाला चाय, म्हणजे आपले शब्द आपल्या आधी तिथे पोचलेले. आणि सफारी म्हणजे नुसता प्रवास, आपला सफर, त्यात बंदूक नंतर घुसली.

आता मुद्द्याचं. एकदा ड्रायव्हरला मलेरिया झाला म्हणून एका परदेशी पाहुण्याची गाडी माझ्याकडे आली. रानरेड्याची शिकार होती, त्याला ते न्याती म्हणतात. गाडीत बसून गोळी झाडायला मनाई असते, त्यामुळे गाडी झाडाखाली लावून पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन मीही मागे चाललो. सगळ्यात पुढे माग काढणारा म्हातारा. त्याला आम्ही म्झे म्हणायचो, म्हणजे आपण गावातल्या मोठ्या माणसाला बाबा म्हणतो ना तसं. त्याच्या मागे व्यावसायिक शिकारी, मग पाहुणा, मग सरकारी गार्ड, आणि शेवटी मी, मानेवर त्सेत्से माशी चावतेय तरी हात वर करायची सोय नाही. या माशीने गुरांना रोग होतो म्हणून तिथे कुणी गुरं ठेवत नाही, आणि गुरं नाहीत म्हणूनच ते जंगल जंगल राहिलं.

म्झेच्या हातात एक जुन्या सॉक्सची पुरचुंडी, आत चुलीची चाळलेली राख. दर शंभरेक पावलांवर पुरचुंडी हलवायचा, राखेचा बारीक धूर निघायचा आणि तो कुठल्या बाजूला वाहतोय ते बघून सगळी रांग वळायची. शेण दिसलं की वाकून हाताची मागची बाजू टेकवायचा, गरम किती आहे ते बघायला. तोंडातून शब्द नाही. साडेतीन तास चाललो. मग त्याने नुसतं बोट दाखवलं आणि मला आधी काहीच दिसेना, झुडपातली सावली दिसली, मग त्या सावलीचा कान हलला.

पाहुण्याने गोळी घातली, पॉइंट ३७५ च्या मोठ्या रायफलची, रेडा झुडपात घुसला. जखमी रेडा हा सगळ्यात वाईट, तो पळून जात नाही, वळसा घेऊन तुमचीच वाट बघत उभा राहतो. म्झे खाली बसला आणि सगळ्यांना बसवलं. वीस मिनिटं. पाहुण्याचा पाय थरथरत होता. शिवाय तिथला नियम असा की रक्ताचा थेंब सांडला की जनावर सापडो न सापडो, फी भरावी लागते. मग आतून एक लांब हंबरडा आला, म्हैस दूर गेलेल्या पारडाला हाक मारते तसा, पण खूप खालच्या सुरात. म्झे उठला. तो हंबरडा मी आज सत्तरी ओलांडली तरी विसरलो नाही, मला कुणी विचारलं शिकार चांगली की वाईट तर मी उत्तर देत नाही, तो आवाज आठवतो एवढंच सांगतो. मांस कॅम्पला आणि वाटेवरच्या गावाला गेलं, हाडाला चिकटलेलंही कुणी टाकलं नाही.

लोकांना वाटतं पेंढा भरला की झाली ट्रॉफी. पेंढा आता कुणी भरत नाही, आत फोमचा साचा असतो. आणि खरं काम त्याच रात्री होतं, गॅसबत्तीच्या उजेडात. दोन सोलणारे बसले होते, त्यातल्या एकाचं काम फक्त तोंड. ओठ आतून चिरून पुस्तकासारखे उघडायचे, कानातली कूर्चा सोडवत कान मोज्यासारखा उलटा करायचा, पापणीजवळ सुरी नखाएवढीच चालवायची, कारण तिथे भोक पडलं तर ते आयुष्यभर त्या भिंतीवर दिसणार. मग मीठ, जवळपास कातड्याच्या वजनाएवढं, हाताने चोळून घडीघडीत भरायचं. उशीर झाला की केस झडतात आणि सगळं वाया. शिंगाचं वरचं कवच सैल पडल्यावर उपटून आतलं साफ करावं लागतं, त्या वासाने मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

दीड वर्षाने त्या पाहुण्याने कॅम्पला फोटो पाठवला. त्याच्या घरची ट्रॉफी रूम, अगदी तुमच्या लेखातल्यासारखी. रेडा भिंतीवर, खाली पितळी पट्टी, त्यावर त्याचं नाव, तारीख, शिंगांचे इंच. शेजारी फ्रेममध्ये शिकारीच्या दिवशीचा फोटो, त्यात पाहुणा बसलाय, रेडा आहे आणि शिंग सरळ धरून ठेवलेला एक काळा हात आहे. म्झेचा. हात आलाय, माणूस फोटोबाहेर. म्झेने तो फोटो बराच वेळ बघितला, हसला आणि म्हणाला हात माझा आहे.

हे नवीन नाही म्हणा. १८९८ मध्ये केनियात त्सावोला रेल्वे बांधणारे आपलेच हिंदी मजूर सिंहांनी खाल्ले, ते दोन सिंह तिथलं रेल्वेच्या पुलाचं काम बघणाऱ्या पॅटरसन साहेबाने मारले, त्यांची कातडी पंचवीसेक वर्षं त्याच्या घरात जमिनीवर अंथरलेली होती, मग शिकागोच्या म्युझियमने विकत घेऊन उभी केली. साहेबाचं नाव जगाला माहिती, खाल्लेल्या मजुरांपैकी किती जणांची नावं सांगता येतील? आणि लांब कशाला, आपल्या शेजारी अजिंठा बघा. १८१९ मध्ये वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि पठ्ठ्याने दहा नंबरच्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव न तारीख कोरून ठेवली. वाट दाखवायला एक गुराखी पोरगा होता असं सांगतात. तो कुठे कोरलाय?

लेखात एक गोष्ट लिहायला पाहिजे होती ती राहिली, तेवढी सांगतो कारण आपल्याकडे कितीतरी जुन्या वाड्यांत सांबराची शिंगं, बिबट्याचं कातडं अजून आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे असल्या वस्तूला मालकीचं सर्टिफिकेट लागतं. २००३ मध्ये राहिलेल्यांसाठी १८० दिवसांची मुदत दिली होती, तीही केव्हाच संपली. सर्टिफिकेट असलं तरी विकता येत नाही, भेट देता येत नाही, वारसाने जातं तेवढंच. कातडं सोडा, शिंग, नख, पीस, अंडं सगळं कायद्यात ट्रॉफीच. त्यामुळे लेखातला 'जुनं शिंग मिळवून भिंतीवर लावा' हा सल्ला वाचून कुणी खरंच मिळवायला गेला तर थेट फॉरेस्टवाल्यांच्या दारात. अजून एक, जुनी कातडी बहुतेक आर्सेनिक लावून टिकवलेली असतात, तेव्हा नातवंडांना हात लावू देऊ नका.

आमच्या ओळखीतल्या एका केळीच्या व्यापाऱ्याने यावर तोडगा काढलाय, फायबरची मुंडकी. मला कौतुकाने बघायला बोलावलं. कुडू लावलाय, हे पीळदार शिंगांचं मोठं हरीण. मी दारातूनच म्हटलं शेठ, दोन्ही शिंगांचा पीळ एकाच बाजूला चाललाय. खऱ्या कुडूचं डावं शिंग उजव्याचं आरशातलं रूप असतं, यांनी एकाच साच्यातून दोन्ही काढलेली. शेठ म्हणे भो, कोण बघायला जातंय. मी म्हटलं मी बघतोय ना. तेव्हापासून बोलावणं नाही.

आता माझी खोली. दरवर्षी भाव वाढेपर्यंत कापूस भरून ठेवायचो ती मागची खोली, गेल्या वर्षी पोराने कापूस घरात नकोच म्हणून सरळ विकला तेव्हा रिकामी झाली. कापूस असला की घरभर सगळ्यांना खाज, त्यामुळे त्याचंही चुकलं नाही. भिंतीला चिकटलेली रुई खरवडून चुना मारला. मुंडकं एकही नाही, आणायला परवानगीही नव्हती आणि तेव्हा खिशात पैसेही नव्हते. एक पाना आहे, एक तुटलेलं पाटा स्प्रिंगचं पान आहे, सोळा फोटो आहेत आणि प्रत्येक फोटोखाली मला आठवतात तेवढी नावं रंगाने लिहिलीत, माग काढणारे, सोलणारे, स्वयंपाकी, पाणी आणणारा पोरगा. पाहुण्यांची नावं नाही लिहिली, ती त्यांच्या पितळी पट्टीवर आहेत. म्झेचं नाव इथे छापायला देत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. खोलीत मात्र आहे, मोठ्या अक्षरात.

आमच्या सौभाग्यवतींना खोली पसंत नाही. हाई घर शे का अजबखाना, असं येणाऱ्याजाणाऱ्यासमोर विचारते. तिचा खरा राग खिळ्याला टांगलेल्या राखेच्या पुरचुंडीवर आहे. निघताना म्झेने दिली होती, सॉक्स आता विरलाय, पंखा लावला की बारीक राख फरशीवर पडते. मे महिन्यात आपल्याकडे पंखा बंद ठेवून कसं चालेल. रोज सकाळी झाडू मारताना तिचा आवाज येतो, "तुमना म्झेनी परत राख सांडी." मी खाटेवरून बघत असतो, राख कुठल्या बाजूला उडाली ते.

आपला नियमित वाचक,
एक जुना फुंडी
अमळनेर, जि. जळगाव