ताई, तुमच्या ‘नको’बद्दल आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानाच्या वेबसाइटचं एवढं काम केलंत, पण तुम्ही फी घेतली नाहीत. बाबांनी घडवलेलं घुमट, म्हणजे मडक्याला कातडं चढवून केलेलं आपलं वाद्य, देऊ केलं तर “मला वाजवता येत नाही, उगाच शोकेसमध्ये ठेवून काय करू?” म्हणालात. मग आमच्या हाती उरलं ते हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण आमच्या गोव्यात, डिचोली-साखळीकडे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कुणी काजू विकतो, कुणी कोकमाचं आगळ, कुणी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. सगळ्यांनी वेबसाइट करून घेतलीय आणि सगळ्यांनाच अधूनमधून फोन येतो, “गूगलवर पहिला नंबर, शंभर टक्के गॅरंटी.” तुम्ही मला सांगितलंत ते त्यांच्याही कानावर जावं.

तुमची ओळख ‘ऑनलाइन मार्केटिंगचं काम करतात’ अशी करून दिली होती. आता काय काय करायचं त्याची लांबलचक यादी मिळणार, अशी माझी समजूत. तुम्ही ओसरीवर बसलात आणि लॅपटॉप उघडण्याआधी विचारलंत, “डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे?”

ते साइट करून देणाऱ्याच्या नावावर होतं. होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ती जागा, त्याच्या खात्यात, गूगल मॅपवरची दुकानाची नोंदही त्याच्याच जीमेलवरून केलेली. माणसाच्या मनात खोट असेल असं नाही. पण उद्या त्याने धंदा बदलला, फोन उचलणं सोडलं, की बाबांच्या जन्मभराच्या कामाचा पत्ता त्याच्याकडेच अडकला असता. तुम्ही सगळं माझ्या नावावर करून घ्यायला लावलंत आणि मगच पुढे सरकलात. “मालक एकच. बाकी ज्याला काम द्याल त्याला मॅनेजर म्हणून प्रवेश द्यायचा, पासवर्ड नाही.” हे वाक्य मी बाजारात निदान चौघांना तरी ऐकवलंय. त्यातल्या दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मग तुम्ही गूगलमध्ये रोमन अक्षरांत ‘साइट’ लिहून कोलन दिलंत आणि त्याला चिकटून आमच्या वेबसाइटचा पत्ता टाकलात. एकही पान आलं नाही. आमची साइट ज्यावर बनवलीय त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ या भागात, तळाशी, एक चौकोन असतो : ही साइट सर्च इंजिनांनी घेऊ नये. त्यावर टिक होती. साइट बनत असताना अर्धवट पानं लोकांना सापडू नयेत म्हणून ती करतात आणि काम संपलं की काढतात. आमची काढलीच नव्हती. त्यामुळे पानापानावर ‘नोइंडेक्स’ची, म्हणजे हे पान शोधात दाखवू नका अशी, सूचना लागलेली आणि गूगल ती इमानेइतबारे पाळत होतं. तोवर मला सांगण्यात येत होतं की साइट दिसत नाही कारण एसईओचं, म्हणजे साइट गूगलवर वर आणण्याचं, पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. त्या पॅकेजात ही टिक काढण्याचेच पैसे होते की काय, देव जाणे.

टिक काढलीत, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटची मालकी सिद्ध केलीत, साइटमॅप म्हणजे सगळ्या पानांची यादी जोडलीत आणि म्हणालात, “आता थांबायचं. काही बदल गूगलला काही तासांत कळतात, काहींना महिने लागतात. रोज स्वतःचंच नाव शोधून बघत बसू नका.” हा तुमचा पहिला ‘नको’. पाळायला सगळ्यात अवघड तोच गेला.

सर्च कन्सोल हे फुकटचं साधन इतकी वर्षं आहे आणि आमच्यासारख्यांना त्याचा पत्ता नसतो, याचं मला अजून नवल वाटतं. लोकांनी काय टाईप केलं तेव्हा आपलं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, साधारण कितव्या जागी होतो, हे सगळं तिथे असतं आणि सोळा महिने मागेपर्यंतचं बघता येतं. लोकांनी टाईप केलेल्या शब्दांच्या आमच्या यादीत सगळ्यात वर ‘घुमट’ हाच शब्द होता. दिसण्याचा आकडा बरा, क्लिक जवळजवळ शून्य. मी म्हटलं, यावर जोर लावू. तुम्ही तोच शब्द शोधून निकाल माझ्यासमोर धरलेत : विजापूरचा गोल घुमट, देवळांचे घुमट, मशिदींचे घुमट. हे लोक वाद्य शोधतच नव्हते. “त्यांना तुमच्या पानावर आणून करणार काय? विजापूरची बस विचारतील.” बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तुम्ही यादीच्या खालच्या भागात बोट ठेवलंत. आकडे बारीक, पण माणूस कशासाठी आलाय ते स्वच्छ. घुमटाची किंमत. घुमट कुठे मिळतं. घुमट आरती कशी वाजवतात. यातलं बरंचसं रोमन लिपीत लिहिलेलं, तेही मनाला येईल त्या स्पेलिंगने. आणि त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या शब्दांत आलेला : घुमटाला कातडं कसलं असतं? घोरपडीचं चालतं का?

आपल्याकडे हा प्रश्न उघडपणे कुणी विचारत नाही. पूर्वी घुमटाच्या मोठ्या तोंडावर घोरपडीचं कातडं चढवायचे, ते सगळ्यांना माहीत आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं. आता घुमट बकऱ्याच्या कातड्याने मढवतात आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मानही दिला. पण बाहेरगावच्या गिऱ्हाइकाच्या मनात धाकधूक असतेच, की आपण मागवलं आणि पार्सल कुणी उघडलं तर? तुम्ही म्हणालात, “याचं उत्तर तुमच्या बाबांइतकं नीट कोण देणार? लिहा. जाहिरातीची भाषा नको. ते बोलतात तसं लिहा.”

बाबांना समोर बसवून मी लिहून घेतलं. आत्ताही ते पान वाचलं की त्यांचा आवाज ऐकू येतो. बकऱ्याचं कातडं कुठलं निवडायचं, ते भिजवून किती मऊ झालं की ओढायचं, मडक्याच्या कंगोऱ्याखाली दोरी कशी आवळायची, धाकटं तोंड उघडं का ठेवायचं. त्या तोंडावर डाव्या हाताचा तळवा झाकत-उघडत हवा कोंडली की तो खोल ‘घुंम्’ येतो, तो कातड्याइतकाच मडक्याच्या पोटातून येतो, हे त्यांनी ओसरीवरचं घुमट मांडीवर घेऊन वाजवून दाखवलं आणि मी फोनवर टिपलं. तो व्हिडिओ पानावर आहे. हात थोडा हलला आहे. तुम्ही पुन्हा काढू दिला नाहीत.

त्यापाठोपाठ दुसरं पान, तेही यादीतल्याच प्रश्नावरून : पावसात घुमटाचा आवाज बसला तर काय करावं? चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, भाद्रपदात, हवा ओलसर, कातडं सैल पडतं. आपल्याकडे आरतीआधी घुमट ऊन किंवा शेक दाखवून तापवतात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण पुण्यात, मुंबईत, परदेशात राहणारा गोवेकर ते विसरलेला असतो, आणि घुमट खराब निघालं म्हणून आम्हालाच फोन करतो. निखाऱ्यांपासून किती लांब धरायचं, कातडं हाताला कोमट लागलं की बाजूला घ्यायचं, एवढं लिहिलं आणि ते फोन कमी झाले. विक्रीआधीचं पान आणि विक्रीनंतरचं पान, दोन्ही एकाच यादीतून मिळाली.

बाकीची डागडुजी तुम्ही भराभरा उरकलीत. प्रत्येक पानाचं शीर्षक ‘होम’ होतं, ते बदलून आत काय आहे ते लिहिलंत. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दिसते ती वर्णनाची ओळ लिहिताना सांगितलंत, की ती क्रमांक वाढवत नाही, माणसाने क्लिक करावं म्हणून असते, आणि गूगलच्या मनात आलं तर ते स्वतःच दुसरी ओळ दाखवतं. साइट करणाऱ्याने कीवर्डांच्या रकान्यात ‘गोवा, बीच, म्युझिक’ अशी लांबलचक माळ गुंफली होती. ती आपण क्रमवारीसाठी वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय, हे ऐकून मला त्या माळेची कीवच आली. फोनमधून थेट चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो बारीक केलेत, कारण सत्तरी तालुक्यात डोंगराआड रेंज एक दांडी असते आणि तिथल्या भजनी मंडळालाही पान उघडायला हवं. वेग मोजणाऱ्या साधनात शंभरपैकी शंभर यावेत म्हणून मी हट्ट धरला, तर म्हणालात, “मुख्य फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसतोय ना? मग पुरे. गुण नकोत, गिऱ्हाईक हवंय.”

मॅपवरच्या नोंदीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण या बाबतीत आपल्या बाजारात फार भलतेसलते सल्ले फिरतात. पिन मागच्या गल्लीत पडली होती, ती दारात आणलीत. दुकानाच्या नावात मला ‘बेस्ट घुमट गोवा होलसेल’ असं जोडायचं होतं, शेजाऱ्याने तसंच केलंय. तुम्ही नको म्हणालात : पाटीवर जे नाव आहे तेच तिथे, नाहीतर नोंद निलंबित होऊ शकते. पंचतारांकित अभिप्राय लिहिणाऱ्याला सूट द्यावी, असं एका दुकानदार मित्राने सुचवलं होतं. तेही नको, कारण अभिप्रायाच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमात बसत नाही. त्याऐवजी पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला, मिळाल्यावर कसं वाटलं ते लिहा म्हणून, आणि आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या, तक्रारीला आधी. आणि लांब कळंगुटच्या किनाऱ्यावर उभा राहून कुणी ‘जवळचं वाद्यांचं दुकान’ शोधलं तर आम्ही दिसत नाही, यावर मी कुरकुरलो तेव्हा तुम्ही समजावलंत, की तिथे तीन गोष्टी बघितल्या जातात : शोधाशी किती जुळतं, किती अंतरावर आहे, किती नावाजलेलं आहे. “डिचोली उचलून कळंगुटला नेता येणार नाही. उरलेल्या दोन गोष्टींचं बघू.”

आता त्या गॅरंटीवाल्या फोनांबद्दल. एकाने, गूगलला साइट नावाजलेली वाटावी म्हणून, शंभर वेबसाइटींवरून आमच्या साइटकडे लिंका लावून देतो असं कोटेशन पाठवलं होतं. तुम्ही ते शांतपणे वाचलंत आणि गूगलचं स्वतःचं मार्गदर्शन उघडून दाखवलंत : पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. विकतच्या लिंकांवर चढलेल्या साइटी गूगलने २०१२ मध्ये क्रमवारीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलानंतर कशा आपटल्या तेही सांगितलंत. मग वही मागवून घेतलीत आणि आमच्याकडून घुमटं नेणाऱ्यांची यादी काढलीत : संगीत शिक्षक, आरतीची पथकं, परदेशातली गोवेकर मंडळं. यांतल्या ज्यांच्या साइटी आहेत त्यांना विचारा, वाद्य कुठून घेतलं ते लिहाल का म्हणून. काहींनी आनंदाने लिहिलं. त्यातून आलेली माणसं चौकशीला येत नाहीत, थेट मागणी नोंदवतात.

भाच्याने उत्साहाच्या भरात एआयकडून ढीगभर लेख लिहवून घेतले होते. गोव्यातले दहा समुद्रकिनारे, गोव्यात कधी यावं, वगैरे. बिचाऱ्याने मेहनत केली होती. एआयने लिहिलं म्हणून तुम्ही नाही म्हटलं नाहीत. मार्च २०२४ पासून गूगलचा नियम आहे, की क्रमवारीसाठी घाऊक भावाने पाडलेला मजकूर, मग तो यंत्राचा असो वा माणसाचा, स्पॅममध्ये धरायचा. पण पोराला ते पटलं नाही, पटला तो तुमचा पुढचा प्रश्न : “समुद्रकिनारा बघायला येणारा माणूस कुंभाराला का विचारेल?” त्याने स्वतःच सगळे लेख उडवले. आता तो व्हिडिओ काढतो, आणि हात हलत नाही.

जाहिरातीला तुमचा विरोध नव्हता, हेही लिहायला हवं, नाहीतर लोकांना वाटेल तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणता. चवथीच्या आधीचे काही आठवडे गूगलवर थोडे पैसे घालायचे, तेही ‘घुमट किंमत’ असल्या शब्दांवर, आणि ‘विजापूर’, ‘गोल’ हे शब्द वगळायच्या यादीत टाकून. शेवटची पार्सलं गेली की बंद. क्लिकमागे पैसे जातात, तेव्हा माल संपल्यावरही जाहिरात चालू ठेवणं म्हणजे लोकांना बोलावून परत पाठवणं. चवथीचं पान मात्र ज्येष्ठातच तयार हवं, आणि दर वर्षी नवं न काढता त्याच पत्त्यावर ताजं करायचं, हे कॅलेंडरवर लाल पेनाने तुम्हीच लिहून गेलात. बाबांनी ते कॅलेंडर वर्ष संपलं तरी काढू दिलेलं नाही.

तर ताई, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. जे केलंत त्याबद्दल, आणि जे करू दिलं नाहीत त्याबद्दल जास्त.

एक काम आहे. यादीत आता शामेळाबद्दलचे, म्हणजे घुमटाच्या जोडीला काठ्यांनी वाजवायच्या वाद्याबद्दलचे, प्रश्न यायला लागलेत : काठ्या कसल्या लाकडाच्या, घुमटाबरोबर ताल कसा धरायचा. बाबा सांगतायत, मी उतरवून घेतोय, या आठवड्यात पान पुरं होईल. पाठवतो. मजकुराला हात लावू नका, ते त्यांना खपायचं नाही. शीर्षक तेवढं बघून द्या.

आपला,
डिचोलीचा घुमटवाला