एसी 24 वर ठेवा म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातलं हवामान बदलावरचं संपादकीय वाचलं. भाषा छान आहे, प्रश्न नाही, पण 'या संकटाला आपण सगळेच जबाबदार' असं जे लिहून टाकलंत ते डोक्यात गेलं. सगळे म्हणजे कोण ओ? अमेरिकेतला माणूस वर्षाला साधारण 14 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपल्याकडं सरासरी 2 टन, आणि त्या सरासरीत पुण्या-मुंबईचे एसीवाले पण आले. खाली चौकटीत सल्ला, एसी 24 वर ठेवा. आमच्या घरात एसी नाही. शेतीची लाईट रात्रीची, पाणी द्यायला दोन वाजता उठून मोटर चालू करायला जातो, तेवढाच काय तो गारवा.

तासगाव तालुक्यात आमची छोटी द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात ऐन फुलोऱ्यात रात्रभर पाऊस लागला. सकाळी घड हलवला की पाण्याबरोबर फुलं पण खाली, चार दिवसांत पानामागं पांढरी बुरशी, म्हणजे दावण्या रोग. चिखलात ट्रॅक्टर शिरेना म्हणून पाठीवर पंप घेऊन फवारलं, औषधाची उधारी अजून फिटायचीय. विमा भरला होता हो, हप्ता वेळेत. क्लेमला गेलो तर म्हणे तुमच्या मंडलातल्या हवामान केंद्रावर तेवढा पाऊस नोंदलाच नाही. ते केंद्र डोंगराच्या पलीकडं, तिथं कोरडं. म्हणलं साहेब बागेत येऊन बघा तरी, तर म्हणे बघून चालत नाही, आकडा लागतो! 2019 ला सांगलीत कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं ते टीव्हीवर दिसलं म्हणून नेते तरी आले, आमचा पाऊस टीव्हीवर पण नाही आणि मशीनवर पण नाही.

जगात तरी वेगळं काय चाललंय. श्रीमंत देशांनी 2009 ला कोपनहेगनमध्ये कबूल केलं की हवामान बदलाशी लढायला गरीब देशांना 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर देऊ, तो आकडा गाठला 2022 ला आणि त्यातलाही मोठा भाग कर्ज. म्हणजे धूर त्यांचा आणि व्याज गरिबानं भरायचं. 2024 ला बाकूच्या हवामान परिषदेत मागणी होती वर्षाला 1300 अब्ज डॉलरची, 300 वर बोळवण केली, तीपण 2035 पर्यंत. आपल्या देशाच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथंच उभं राहून विरोध केला, तुमच्या संपादकीयात त्यांचं नावसुद्धा नाही. पाकिस्तानात 2022 च्या पुराचा 3 कोटी 30 लाख लोकांना फटका बसला, जगाच्या धुरात त्यांचा वाटा 1 टक्कासुद्धा नाही. (पाकिस्तानची बाजू घेतो म्हणून कुणी फोन करू नये.)

आणि हेच युरोपवाले आमच्या द्राक्षात औषधाचा अंश किती राहिला ते काटेकोर मोजतात. मोजा ना, खाणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पण अवकाळीमुळं फवारण्या वाढल्या त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, यावर एक संपादकीय लिहा की.

अजून एक, तुमच्या पेपरात बेदाण्याच्या सौद्याचे भाव यायचे बंद झालेत आणि त्या जागी कुठल्या तरी क्लासची जाहिरात असते. ते तेवढं परत चालू करा, व्हॉट्सॲपवरचे भाव सांगितले की अडते तोंडावर हसतात.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली