काढून नेलेली डिस्क पुसू नका

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : १४ जूनला आपल्या तंत्रज्ञाने नेलेली डिस्क जशीच्या तशी परत मिळणे, आणि बिघडलेला डेटा परत मिळवून देणे.

महोदय,

पत्र पूर्ण वाचायला वेळ नसेल तर आधी वॉरंटी विभागाला फोन करा. दोन नंबरच्या नोडमधून (सर्व्हरमधून) काढलेली आमची डिस्क फॉरमॅट करू नका, पुढे कंपनीकडेही पाठवू नका. आमच्या वजनपावत्यांची शेवटची चांगली प्रत तिच्यावरच आहे.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत नोंदी सांभाळतो. आपण आम्हाला 'सेफ' (Ceph) या सॉफ्टवेअरवर चालणारा, एकत्र काम करणाऱ्या तीन नोडचा स्टोरेज क्लस्टर बसवून दिला. कोटेशनमध्ये प्रत्येक डेटाच्या तीन प्रती लिहिल्या होत्या. प्रत्यक्षात पूल, म्हणजे डेटा साठवायची सामायिक जागा, दोन प्रतींचा निघाला, आणि एकच प्रत उरली तरी लिहिणं चालू राहील अशी सेटिंग होती. 'जागा वाचते,' हे उत्तर मला फोनवर मिळालं. आमची जागा वाचवा असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं.

नोव्हेंबरात कापूस खरेदीचा जोर असताना क्लस्टर हळू चालतो म्हणून आपल्या माणसाने डीप स्क्रब बंद केलं. एरवी ते साधारण आठवड्याला प्रत्येक प्रत वाचून तिचा चेकसम (डेटा बिघडला का हे ओळखायचा आकडा) जुळतो का ते पाहतं. हंगाम संपला तरी ते सुरू झालं नाही. डॅशबोर्डवर पिवळी सूचना दिसत होती. मी दोनदा कळवलं, 'त्यानं काही होत नाही' म्हणाले. त्या सात महिन्यांत एक नंबरच्या नोडची डिस्क आतून बिघडत गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

मृगाच्या वादळात एका रात्री चार वेळा लाइन गेली. दोन नंबरच्या नोडची ओएसडी (डिस्क सांभाळणारा प्रोग्राम) सुरू होईना. डिस्क मात्र मेली नव्हती, सर्व्हरला ती दिसत होती, हे मी स्वतः पाहिलं. आपला तंत्रज्ञ आला, तिला क्लस्टरमधून कायमचं काढलं, नवी लावली आणि जुनी वॉरंटीसाठी पिशवीत घालून नेली. अमुक डिस्क काढली तर डेटाला धोका आहे का, हे सांगणारी कमांड याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती एकदा चालवायला मिनिटही लागलं नसतं. नव्या डिस्कवर प्रती भरताना एक नंबरवर चेकसम चुकू लागले. आता १७ पीजी (डेटाचे गट) अडकल्या आहेत आणि त्यांतले २,३१६ ऑब्जेक्ट (डेटाचे तुकडे) सापडत नाहीत.

परवा खिडकीशी एक आजी आल्या. लुगड्याच्या गाठीतून पावती काढली, तर घामानं आणि उन्हानं थर्मल कागद पांढराफटक पडलेला, नुसती आमची छापील पट्टी उरलेली. वजन आणि ओलावा बघायला मी फाइल उघडली, ती उघडलीच नाही. 'काय बाप्पा, माहं वजन तुमच्या मशीनीतबी नाही का?' त्या म्हणाल्या. पेरणी तोंडावर आहे आणि फरकाची रक्कम याच पावत्यांवरून वाटायची आहे. मी त्यांना काय सांगू?

आपली हेल्पलाइन सांगते, न सापडलेले ऑब्जेक्ट 'हरवले' म्हणून नोंदवा, मग क्लस्टर हिरवा होईल. मी ते करणार नाही. ते एकदा केलं की मागे फिरता येत नाही. जुनी डिस्क जोडून, तिच्यावरच्या पीजी याच सॉफ्टवेअरच्या ऑब्जेक्टस्टोर टूलने बाहेर काढून क्लस्टरमध्ये परत भरता येतात. आधी त्या डिस्कची बिट-बाय-बिट नक्कल करा, काम नकलेवर करा, आणि ते आमच्यासमोर करा.

त्यानंतर पूल कोटेशनप्रमाणे तीन प्रतींचा करून द्या आणि स्क्रब चालू करा. वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करणाऱ्या डिस्क लावा. वेगळा बॅकअपही हवा. 'तीन प्रती असल्यावर बॅकअप कशाला' असं विकताना सांगितलं होतं, पण चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींतून पुसली जाते. हा खर्च आम्ही देणार नाही.

डिस्क सध्या कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, एवढं तीन दिवसांत लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा ठराव संचालक मंडळाने केला आहे.

आपला,
नोंदी विभाग,
शेतकरी उत्पादक कंपनी,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा

सोबत : कोटेशनची प्रत, डिस्क नेल्याची पोच, क्लस्टरच्या स्थितीचे स्क्रीनशॉट.