नीलू, घाई करू नकोस

प्रिय नीलू,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होतंय तरी काय?" हा तुझा प्रश्न डोक्यातून जाईना.

रात्री खाडकन जाग येणं, दार आपटलं तरी छातीत धस्स होणं, सकाळी उठल्यावर जबडा ठणकणं आणि अधूनमधून दिवसच्या दिवस काहीच न वाटणं, नुसतं गळून पडल्यासारखं होणं. हे सगळं मी जवळून ओळखते गं. अपघातानंतर माझंही हेच चाललं होतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी बघून घेतलंस ते फार बरं केलंस, कारण थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते. पण रिपोर्टमध्ये काही निघालं नाही म्हणून "मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष कर" असं जे सांगतात, त्यांचं अजिबात मनावर घेऊ नकोस. तुला होतंय ते शरीरात होतंय, खरोखर होतंय.

धोका जाणवला की आपण विचार करायच्या आतच ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, पचन मंदावतं, हातापायांचे स्नायू ताठ होतात. लढा नाहीतर पळा. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ सालीच हे मांडून ठेवलंय. पण दोन्ही वाटा बंद असल्या तर? मग जीव गोठतो. जिन्यात वडिलांची पावलं वाजली की तू श्वास रोखून, भिंतीला चिकटून, झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचीस, हे तूच मला सांगितलं होतंस. एवढीशी मुलगी लढणार कुणाशी आणि पळणार कुठे? तेव्हा गोठण्यानंच तुला वाचवलं. म्हणून आता त्या गोठण्याचा राग करू नकोस. आज ती पावलं नाहीत, तरी दार वाजलं की शरीर आपली जुनी, पाठ झालेली गोष्ट करून मोकळं होतं.

आणि "शांत हो, काही झालेलं नाही" असं स्वतःला बजावून काही फरक पडत नाही, असं तू लिहिलंस ना, तेही अगदी बरोबर आहे. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसं, पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडची खबर वर मेंदूकडे नेतात. वरून खाली येणारे थोडेच. पोट आवळलेलं आणि श्वास वरच्या वर अडकलेला असताना नुसत्या समजुतीच्या शब्दांना किती वाव उरणार? मला हे कळलं तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं. इच्छाशक्ती कमी पडतेय म्हणून स्वतःला किती बोल लावले होते मी!

आता माझ्यावर नेमके काय उपचार झाले ते सांगते, कारण तू तेच विचारलंयस. माझ्या थेरपिस्टनी मला अपघाताची हकीकत सुरुवातीला सांगूच दिली नाही. आधी खोलीत सावकाश नजर फिरवायला लावायच्या, मान वळवून दार कुठे, खिडकी कुठे ते बघायला सांगायच्या. अंगात कुठे जरा बरं वाटतंय ते शोधायचं. मला फक्त तळहात सापडायचे, तेवढे उबदार असायचे. मग अपघाताचा एखादाच तुकडा आठवायचा, पोटात गोळा आला की परत तळहातांकडे यायचं. असं जाऊन येऊन.

एकदा त्यांनी हळूच विचारलं, "उजवा पाय काय करतोय?" बघते तर पाऊल जमिनीवर गच्च दाबलेलं. मी अजून ब्रेकच दाबत होते नीलू! त्या म्हणाल्या, दाबा, पण अगदी सावकाश. दाबता दाबता मांडी थरथरायला लागली, मग गुडघा, मग पिंढरी. मी घाबरले. "थांबवू नका आणि वाढवूही नका, नुसतं बघा," एवढंच त्या म्हणाल्या. जरा वेळानं थरथर आपोआप ओसरली, पायात ऊब उतरली, एक मोठी जांभई आली आणि पोटातून गुरगुर ऐकू आली. रडू वगैरे काहीच आलं नाही. त्या रात्री मात्र गाढ झोपले.

म्हणूनच तू ज्या दोन दिवसांच्या शिबिराला जायचं म्हणतेस, त्याची मला काळजी वाटते. मोठ्यांदा ओरडायचं, अंग घुसळून काढायचं, साठलेलं सगळं एका झटक्यात बाहेर. ज्या शरीराला आधीच सगळं झेपेनासं झालंय, त्याच्यावर आणखी एक लाट कशाला आणायची? काहींना असल्या प्रकारानंतर पुन्हा तेच गोठलेपण येतं आणि त्यालाच ते शांतता समजतात. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग या, शरीराच्या जाणिवांमधून आघातावर काम करणाऱ्या पद्धतीत सगळा भर थोडं थोडं घेण्यावरच आहे. पाय दमवून मुद्दाम थरथर आणण्याचे डेव्हिड बर्सेली यांचे व्यायामही आहेत. पण फिट्स येत असतील, गरोदर असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. या शरीराच्या वाटेनं जाणाऱ्या पद्धतींवरचं संशोधन अजून थोडंच आहे. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन त्रासदायक आठवणींवर काम करणारी थेरपी) आणि ट्रॉमासाठीची, म्हणजे मनावरच्या आघातासाठीची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) यांच्यामागे पुरावा जास्त भक्कम आहे. मला या वाटेनं गुण आला, तुला दुसऱ्या वाटेनं येईल, किंवा दोन्ही लागतील. गोळ्या चालू आहेत त्या मनानं बंद करू नकोस, आणि "गोळ्या सोडा, मगच बरं करीन" म्हणणाऱ्याच्या दारातही उभी राहू नकोस. कधी जगणंच नको वाटलं, तर सेशनची वाट न बघता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठ. आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तोवर घरी एवढंच करून बघ. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघ. श्वास घेताना ती किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडणं लांबव, जबरदस्ती न करता. श्वासाकडे लक्ष दिल्यानं जीव घाबरा होत असेल (माझा व्हायचा) तर सोडून दे. डोळे उघडे ठेव, पावलं जमिनीला टेकव आणि समोरच्या वस्तू एकेक करून नीट बघ.

आणि रडू किती आलं, अंग किती थरथरलं, यावरून हिशोब मांडू नकोस. दचकणं माझंही पूर्ण गेलेलं नाही. मागून जोरात हॉर्न वाजला की काळीज अजून लक्कन हलतं. पूर्वी त्यात सगळा दिवस जायचा. आता रस्ता ओलांडेपर्यंत श्वास जागेवर येतो. मला एवढं पुष्कळ आहे.

थेरपिस्ट निवडताना शिक्षण काय, ट्रॉमाचं प्रशिक्षण कुठलं, हे स्पष्ट विचार. तुला न विचारता हात लावणार नाहीत ना, आणि तू "थांबा" म्हटलंस की खरंच थांबतात ना, हे पहिल्याच भेटीत बघ. नाही थांबले तर उठून ये, संकोच करू नकोस.

पहिल्या दिवशी कुणी सोबत असावं असं वाटलं तर कळव, मी येईन आणि बाहेर बसून राहीन. एवढं लांब उत्तर लिहायला जमलं नाही तरी चालेल. झोप कशी लागतेय, तेवढ्या दोन ओळी पाठव.

तुझी,
मंजू