दिवाळीत निधी वाटला, की कंपनीचे दार उघडते

संपादक महोदय,

सूक्ष्म कर्जाच्या वसुलीची बातमी आली, की मथळ्यात हमखास 'बचत गटाचे कर्ज' असे छापले जाते. बहुतेक वेळा ते बचत गटाचे नसतेच. छोटी कर्जे देणाऱ्या खासगी वित्त कंपनीचा माणूस गावात येतो, पाच-दहा बायकांना एकमेकींचे जामीन करतो आणि ठरल्या वारी हप्ते गोळा करतो. गावात याला 'कंपनीचा गट' म्हणतात. त्यात बचत नाही, बैठकांचे इतिवृत्त नाही आणि भरलेल्या व्याजातला एक रुपयाही बायकांकडे परत येत नाही.

व्याजाचा फरक आकड्यांतच पाहावा. ४० हजार रुपये, २४ महिने, 'फक्त १२ टक्के' असे तोंडी सांगितले जाते. पण व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लावले तर ९,६०० रुपये होते आणि हप्ता २,०६७ रुपयांचा बसतो. मुद्दल दर महिन्याला फिटत असते हे धरले, तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. तेच ४० हजार बचत गटातून शेकडा १ रुपया महिना, उरलेल्या मुद्दलावर घेतले, तर दोन वर्षांचे व्याज ५ हजार. त्यातून गटाने घेतलेल्या बँक कर्जाचे व्याज भागल्यावर जे उरते ते गटाच्याच निधीत. कंपनीच्या माहितीपत्रकावर वार्षिक टक्केवारी दर (व्याज आणि शुल्क धरून पडणारा खरा वार्षिक दर) छापणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार २०२२पासून बंधनकारक आहे. सही करण्याआधी तो आकडा मोठ्याने वाचून घ्यावा. तोंडी दराला काही किंमत नाही.

मग बायका कंपनीकडे का जातात? कारण स्वतःच्या गटाकडे पुरेसे कर्ज येत नाही, आणि याचे मोठे कारण दिवाळीत सापडते. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानातील गटाला बँकेचे पहिले कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांतले जे जास्त असेल ते मिळते. दुसऱ्या वेळी आठपट. समजा, १२ जणी दरमहा २०० रुपये भरतात. वर्षाची बचत २८,८००, अंतर्गत कर्जाचे व्याज ३,२००, अभियानाकडून मिळालेला फिरता निधी २० हजार, म्हणजे एकूण ५२ हजार. सहापट ३ लाख १२ हजार, प्रत्येकीमागे २६ हजार. दिवाळीत बचत आणि व्याज वाटून घेतले, की हाती २० हजार उरतात. त्याची सहापट सव्वा लाखही होत नाही, म्हणून बँक दीड लाखावर थांबते आणि प्रत्येकीमागे १२,५०० येतात. साड्या-फराळासाठी २,६६७ रुपये हातात पडले आणि साडेतेरा हजारांची पत गेली. सणाला पैसा लागतोच, त्यात गैर काही नाही. पण तो गटाकडून छोटे कर्ज म्हणून घ्यावा, निधी फोडू नये.

दुसरी अडचण बँकेच्या टेबलावरची. अधिकारी पासबुक उघडतो, शिल्लक ६ हजार दिसते आणि तोच निधी धरतो. चांगल्या गटाच्या खात्यात शिल्लक कमीच असणार, कारण पैसा सभासदांकडे कर्जाऊ फिरत असतो. बाहेर असलेले कर्जही गटाच्या निधीतच मोडते. म्हणून पासबुकाबरोबर कर्ज खातेवही, बचत नोंदवही आणि इतिवृत्त न्यावे. या वह्या महिनोन्महिने कोऱ्या ठेवून प्रस्तावाच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेल्या असतील, तर कुणालाही कळते. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, बचत खात्यातली रक्कम अडकवून ठेवता येत नाही आणि मुदत ठेवीची अटही घालता येत नाही. तरीही काही शाखांत बचत 'होल्ड' केली जाते. तशी वेळ आल्यास किंवा कर्ज नाकारल्यास कारण लेखी मागावे आणि बँक सखीमार्फत (बँकेच्या कामात गटांना मदत करणारी कार्यकर्ती) ते प्रभाग संघाकडे (परिसरातील गटांचा संघ) न्यावे.

कर्ज मिळाल्यावरची चूक मात्र गटाची स्वतःची असते. दीड लाख आले, की बाराही जणींत सारखे वाटप! भांडण नको म्हणून हे होते. जिला शिलाई मशीन घ्यायचे तिला पैसे अपुरे पडतात. जिला गरज नाही ती आपला वाटा जावेच्या किंवा शेजारणीच्या नावे फिरवते, आणि हप्ता थकला की फेडणारी कोण, यावरून गट मोडतो. सूक्ष्म पत आराखडा यासाठीच असतो: कोणाला, कशासाठी, किती आणि पैसा कधी परत येणार. आज घेतलेली पाठ (शेळीचे मादी करडू) वर्ष-सव्वा वर्षाआधी पैसा देत नाही. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो. अशा कर्जाला पहिल्याच आठवड्यापासून हप्ता लावला, तर तो भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढावे लागते, आणि दुसरीचा भरायला तिसरीचे.

कंपनीचे कर्ज आधीच घेतलेल्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते, नवऱ्याच्या मोटारसायकलचाही धरून, कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील तर नवे कर्ज देणे हाच नियमभंग आहे. आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. कर्जदार लागोपाठ दोनदा ठरल्या जागी आली नाही, तरच वसुलीचा माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो.

जिल्ह्यातील बँक शाखांनी गटाच्या कर्ज अर्जाला पासबुकाबरोबर कर्ज खातेवहीची प्रत जोडून घ्यायला सुरुवात करावी. त्याला नवा शासन निर्णय लागत नाही.

– बचत गटांचे हिशेब तपासणाऱ्या कार्यकर्त्या, यवतमाळ