रस्ता हद्दीपर्यंत न्या, भिंतीपाशी थांबवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहर वाढू लागले की चर्चा रुंदीकरणाची आणि उड्डाणपुलांची होते. खरी चूक त्याआधीच, अभिन्यास (वसाहतीतले रस्ते व भूखंड यांचा आराखडा) मंजूर करतानाच झालेली असते.

जुन्या भागातल्या गल्ल्या अरुंद, पण एकमेकींना मिळणाऱ्या असतात. बाहेर मात्र जमिनीचे तुकडे सुटेसुटे विकसित होतात. प्रत्येक वसाहतीला हमरस्त्यावर एकच तोंड, आत फांद्यांसारखे रस्ते आणि टोकाला भिंत. पाठीला पाठ लावून उभी असलेली दोन घरे वीस मीटरवर असतात, पण एकातून दुसऱ्यात जायला हमरस्त्यावरून दीड किलोमीटरचा वळसा. चालत जाणारे मूल मग गाडीवरून शाळेत जाते आणि हमरस्ता अशा घरगुती फेऱ्यांनीच तुंबतो. पाण्याचेही तेच. जलवाहिनी रस्त्याखालून जाते, म्हणून तीही बंद टोकाची. टोकाला पाणी साचून क्लोरीन उतरतो, गाळ बसतो. वाहिनी मध्येच फुटली तर पुढची सगळी घरे कोरडी.

यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेच्या शिफारशीनुसार दर चौरस किलोमीटरला किमान 18 किलोमीटर रस्ते हवेत. जाळी आखली तर साधारण दर 110 मीटरला एक. पण लांबी बंद गल्ल्यांनीही भरते. म्हणून जोडणी मोजायला रस्त्यांच्या तुकड्यांची (दोन चौकांमधल्या किंवा चौक ते बंद टोक अशा भागांची) संख्या घ्यावी आणि चौक, तिठे व बंद टोके यांच्या बेरजेने भागावी. उत्तर जितके मोठे तितकी जोडणी चांगली: चौकटीच्या जाळीत ते 2 कडे झुकते, फांद्यांच्या रचनेत 1 च्याही खाली जाते. नकाशा हातात असेल तर हे काम तासाभराचे आहे. मंजुरीपूर्वी ते सक्तीचेच हवे.

अंतर्गत रस्ते हद्दीला नेमके टेकलेच पाहिजेत आणि शेजारच्या रस्त्याच्या रेषेत असले पाहिजेत. इथे एक मेख असते: हद्दीलगतची अर्ध्या मीटरची पट्टी विकासक स्वतःच्या नावावर ठेवतो आणि रस्ता कायमचा अडतो. ती पट्टीही रस्त्यासोबत पालिकेकडे हस्तांतरित व्हावी. टोकाला ‘हा रस्ता पुढे जाणार आहे’ असा फलक पहिल्या दिवसापासून लावावा. नाहीतर शेवटचा भूखंड घेणारा शांत गल्लीच्या भरवशावर घेतो आणि पुढे जोडणीला त्याचाच सर्वांत तीव्र विरोध होतो.

घरे पुन्हा बांधली जातात, रस्त्यांची आखणी मात्र शतकभर तशीच राहते. अमेरिकेत नव्या रस्त्यांचा तुटकपणा 1994 च्या सुमारास कळसाला पोचून उतरला, तरी आधीच्या बंद गल्ल्या तशाच आहेत. जिथे बांधकाम झालेच आहे, तिथे निदान भिंतीत तीन मीटरची पायवाट उघडावी: सरळ, दिवे असलेली, या टोकावरून ते टोक दिसेल अशी.

– नगररचनेचा अभ्यासक, एक वाचक